आठवीचं चुलबंद आवतन

दोधू आप्पा दारात उभे राहिले की घरातली बाई आधी चुलीकडं बघायची. आप्पांच्या तोंडून पुढं काय निघतं त्यावर तिचा उद्याचा स्वयंपाक ठरायचा.

सावळपिंप्रीत चाळीस वर्षं आवतन द्यायचं काम आप्पांकडं होतं. लग्न असो, बारसं असो, कुणाचं उत्तरकार्य असो. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं, एवढंच ज्याला कळतं तो माणूस या गावात उपाशी मरेल. आवतनाला पायऱ्या असतात. घरटी कुणी एक आलं तरी चालेल, ते एकजणाचं. कर्ते पुरुष तेवढे, ते माणसांचं. आणि म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे, उद्या या घरात चूलच पेटायची नाही, ते चुलबंद. चुलबंद देताना आप्पा असा आवाज लावायचे की पुढच्या तीन घरांना ऐकू जावा. मान मिळाला हे शेजाऱ्याला कळलं नाही तर त्या मानाला काय चाटायचंय?

बरं, एवढ्यावर भागत नाही. आदल्या दिवशी आवतन मिळालं तरी ऐन जेवायच्या वेळी दुसरं बोलावणं यावं लागतं. ते आल्याशिवाय सावळपिंप्रीचा माणूस ओट्यावरून पाय खाली ठेवत नाही. धुतलेले कपडे, डोक्यावर टोपी, शेजारी भरलेला तांब्या, पोटात कावळे, आणि चेहरा असा की जणू जेवण ही काय चीज असते ते ठाऊकच नाही. मग गल्लीच्या तोंडाशी आप्पांची हाक यायची, "चला होऽऽ, पंगत बठनी!" की सगळे ओटे एकदम उठायचे.

पुढं मोबाइल आले. आवतन मोबाइलवर यायला लागलं. त्यात गणपती हलायचा, फुलं पडायची, सनई वाजायची. पहिल्यांदा असं आवतन आलं त्या लग्नात तरणी पोरं जेवून, हात धुऊन, नाचूनसुद्धा मोकळी झाली आणि चुडामण नाना मात्र दुपारी चारपर्यंत टोपी घालून ओट्यावर बसून होते. नाना आप्पांचे शेजारी. अजूनही विषय काढला की ते म्हणतात, "माले दुसरं बोलावणं उनं नई." बाकीचं गाव मात्र वर्षा-दोन वर्षांत सरावलं. आप्पा रिकामे झाले.

रिकाम्या माणसाला गजराबाईंनी घरात बसू दिलं नाही. गजराबाई म्हणजे आप्पांची बायको. गावातल्या पाचवी ते आठवीच्या शाळेत पोरांची खिचडी त्या शिजवतात. "घरम बठीसन भिंती मोजतस का?" म्हणून त्यांनी आप्पांना शाळेत लाकडं फोडायला नेलं. तेव्हापासून गावातलं सगळ्यात मोठं आवतन देणारा माणूस शाळेच्या मागच्या पडवीत कुऱ्हाड घेऊन बसायला लागला.

तिथं बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट दिसायला लागली. मुख्याध्यापक करणसिंग सर हजेरी घ्यायच्या आधीच गजराबाई तांदूळ निवडता निवडता फाटकाकडं बघून सांगायच्या, "आज आठवीना नऊच शेत." आणि नऊच निघायचे. पटावर तेवीस. दिवाळी झाली, कापूस फुटला, मिरची लाल झाली की आठवीची पोरं वावरात. पाचवी-सहावीची बारकी, ती वेचतात कमी आणि खेळतात जास्त, म्हणून त्यांना शाळेत पाठवलेलं परवडतं. आठवीचा हात मात्र भरलेला असतो.

नोव्हेंबरात वरून कागद आला. आठवीची हजेरी अशीच राहिली तर पुढच्या वर्षी आठवीचा वर्ग रनाळ्याच्या शाळेला जोडायचा. गुरुवारी शिक्षण खात्याचे साहेब स्वतः बघायला येणार.

हा कागद सरांना जेवढा लागला त्याच्यापेक्षा जास्त आप्पांना लागला. त्यांची नात चेतना सातवीत होती. त्या दिवशी जेवताना भूपेंद्रनं, म्हणजे तिच्या बापानं, ताटावरून नजर न उचलता सांगून टाकलं, "आठवी गावम ऱ्हायनी तर शिकी. रनाळाले यष्टीनी पोर धाडाना नई मी. सातवी बस झाई."

एरवी चेतना बोलायला लागली की गजराबाईंना मध्ये शिरायला जागा मिळत नाही. आज ती नुसती भाकरी मोडत राहिली, आणि आप्पांचा घास तोंडातच फिरायला लागला.

सरांनी काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. सोमवारी प्रभातफेरी निघाली. जी पोरं शाळेत येतात त्यांनीच गावभर घोषणा दिल्या. जी येत नाहीत ती वावरात असल्यामुळं त्यांना ऐकू गेल्या नाहीत. मंगळवारी सरांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'सर्व पालकांना कळविण्यात येते की गुरुवारी पाल्यास अवश्य उपस्थित ठेवावे.' त्याला एकतीस अंगठे आले. एकानं हार्दिक शुभेच्छा दिल्या. बुधवारी पोरं आली आठ.

सर पडवीत येऊन डोकं धरून बसले. "आप्पा, एकतीस जणांनी वाचलं हो. मग येत का नाहीत?"

आप्पांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "सर, आवतनच पोचलं नाही."

"मेसेज पोचला की!"

"मेसेज पोचला. दारात माणूस कुठं उभा राहिला?"

सरांनी एकदा आप्पांकडं पाहिलं, एकदा मोबाइलकडं. मग मोबाइल खिशात टाकला. "तुम्ही द्याल आवतन? आठवीच्या तेवीस घरी?"

सहा वर्षांनी आप्पांनी खुंटीवरचा पांढरा सदरा काढला, टोपी झटकली, आणि ऊन कलल्यावर निघाले. पहिलं घर सुरुपसिंगचं. पाच एकर कपाशी, आणि पोरगी रोशनी आठवीत. तीन आठवडे तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"सुरुपसिंग भाऊ, सकाय शाळाम कार्य शे. घरमाईन एक जननं आवतन शे."

"कसानं कार्य?"

"आठवीनं."

सुरुपसिंगनं घरात नजर टाकली. एकजणाच्या आवतनाला घरातलं जे माणूस रिकामं असेल ते पाठवायचं, ही पिढ्यांची रीत. "मन्ही माय रिकामी शे. ती येई."

"अरे भाऊ, तुन्ही माय आठवीम शे का?"

"आवतन तर एक जननं दिधं ना तुम्ही? मंग कोनले बी धाडसू."

आतून म्हातारीचा आवाज आला, "कोनता लुगडा नेसू रे?"

आता मात्र आप्पांचं डोकं सटकलं. चाळीस वर्षांत त्यांचं आवतन कुणी असं उलटवलं नव्हतं. आणि डोळ्यांसमोर भाकरी मोडणारी चेतना होती. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं, छाती भरून घेतली आणि तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "चुलबंद! सारा घरले चुलबंद! एक बी मानूस मांगे ऱ्हावाना नई!"

बोलून गेल्यावर आप्पांना स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि शिजवणार गजराबाई आहेत हे आठवलं. पण तोंडातून गेलेलं आवतन परत घेता येत नाही.

पुढं गावाच्या कडेला सुकरामचं घर. सुकराम सुरुपसिंगच्याच वावरात कामाला. त्याचा पोरगाही आठवीत. त्या दाराशी आप्पा जरा थांबले. आजवर त्यांनी कितीतरी लग्नांत सुरुपसिंगच्या दारात चुलबंद दिलं होतं आणि याच दारात एकजणाचं. यजमान सांगेल तेच बोलायचं, आपण काय, नुसतं तोंड. पण ते एकजणाचं देताना दर वेळी त्यांची नजर उंबऱ्याच्या खाली जायची. आज यजमान शाळा होती, आणि शाळेनं असलं काही सांगितलेलं नव्हतं.

"सुकराम, उद्या चुलबंद."

सुकरामची बायको चुलीपाशी होती. तिनं मान वळवली. "आम्हाला? चुलबंद?"

"हां, तुम्हाला."

"सगळ्यांना?"

"अगं हो. कोंबडी तेवढी घरी ठेवा."

दोन घरांना दिलं म्हणजे उरलेल्या एकवीस घरांना कमी देता येईना. अंधार पडायच्या आत आप्पांनी तेवीस घरं चुलबंद करून टाकली. घरी येऊन हातपाय धुतले, जेवले आणि गजराबाईंना यातलं एक अक्षरसुद्धा सांगितलं नाही. माणूस शूर असला तरी किती असेल?

गुरुवारी सव्वादहाला साहेब मोटारसायकलवरून आले. साडेदहाला घंटा झाली. प्रार्थना झाली. आठवीत पोरं सहा.

साहेबांनी रजिस्टर उघडलं, वर्गाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. करणसिंग सरांचा चेहरा खडूसारखा झाला. ते खिडकीतून पडवीकडं बघत होते, आणि आप्पा लाकडाकडं. चाळीस वर्षं ज्याच्या हाकेवर गाव उठायचं त्या माणसाचं आवतन आज फुकट गेलं होतं.

गजराबाईंनी वांगं चिरता चिरता विळीवरून मान वर केली. "एक सांगा. मी येताना दखं, सारा गाव कपडा घालीसन ओटावर बठेल शे. सुरुपसिंगनी मायनी नवा लुगडा नेसेल शे. आनि एक बी घरवर धूर नई. काय सांगी उनात तुम्ही काल?"

आप्पांनी कपाळावर हात मारला. दुसरं बोलावणं!

"चुलबंद दिलं," ते पुटपुटले.

"कोनले?"

"तेवीस घरले."

विळी थांबली. गजराबाईंनी पातेल्याकडं पाहिलं. त्यात शाळेतल्या पोरांपुरते तांदूळ होते, मोजून मापून. मग नवऱ्याकडं पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बोलायचं राहून गेलेलं सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं; पण त्या एवढंच म्हणाल्या, "मंग उभा कसाले ऱ्हायनात? जा, बलावा!"

आप्पा धावत सुटले. ती हाक साहेबांनी वर्गात बसून ऐकली. "चला होऽऽ, पंगत बठनी! आठवीनी पंगत बठनी होऽऽ!"

पाच मिनिटांत फाटकातून गाव आत आलं. पुढं दप्तर घेतलेली पोरं, मागं आया, बाप, आज्या, कडेवरची, बोट धरलेली, हातात तांबे. सुकराम धुतलेल्या सदऱ्यात, बायको-पोरांसकट. सगळ्यात मागं चुडामण नाना. त्यांचं कुणी आठवीत नव्हतं, पण दुसरं बोलावणं कानावर पडलं तेव्हा त्यांचे पाय आपोआप उठले होते.

साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

सर म्हणाले, "पालक सहभाग." एवढं वेळेवर उत्तर त्यांना आयुष्यात सुचलं नव्हतं.

साहेबांनी पुन्हा हजेरी घेतली. बावीस. रोशनीचा पत्ता नव्हता. सुरुपसिंगनं मान खाजवली. "ती वावरम शे. कापूस उघडा टाकीसन कसं येवानं?"

चुडामण नानांनी तांब्या खाली ठेवला. "चुलबंद खावाले उना आनि घरनं मानूस मांगे ठेवं? अरे सुरुपसिंग, यजमाननं तोंड काळं करानं शे का तुले?"

सगळं गाव सुरुपसिंगकडं बघायला लागलं. त्याची स्वतःची आईसुद्धा, नव्या लुगड्यात. तो गाडीवर बसला आणि पंधरा मिनिटांत रोशनीला घेऊन आला. केसांत कापूस, हाताला बोंडांचे ओरखडे, पायात एकच चप्पल. ती तशीच बाकावर जाऊन बसली आणि आपलं नाव आल्यावर असं काही "हजर!" म्हणाली की साहेबांचा पेन घसरला.

आता प्रश्न शंभर माणसांच्या पोटाचा. खिचडी पोरांची, तिला हात लावायचा नाही, हे गजराबाईंनी उलथनं दाखवून आधीच जाहीर केलं. सुरुपसिंगला अपराध्यासारखं झालं होतं. त्यानं दोन टोपल्या वांगी मागवली. कुणी मागच्या सालच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढत आणल्या. पीठ घरोघरी होतंच. "पन चुलबंद शे ना?" एका सासूला शंका आली.

"चूल घरनी बंद शे," गजराबाई म्हणाल्या. "तुम्हना हात बंद नईत. बठा भाकरी थापाले."

शाळेच्या मागं पऱ्हाट्यांवर वांगी भाजली गेली, हिरव्या मिरच्या कुटल्या गेल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्यांची चळत लागली. यजमान म्हणून करणसिंग सरांना पंगतीत भरताची बादली घेऊन फिरावं लागलं. इस्त्रीच्या पँटीवर डाग पडत होते आणि ते प्रत्येकाला आग्रह करत होते, "घ्या ना, अजून एक घ्या." साहेबही बसले. दुसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीमुळं होतं, कुणी भलतं समजू नये.

हात धुताना साहेब आप्पांना म्हणाले, "आजचे तेवीस लिहितो. पण मला कळत नाही असं समजू नका. जेवण होतं म्हणून आले. मी पुन्हा येईन, न सांगता. तेव्हा वीसच्या खाली दिसले तर मला वेगळं काही लिहिता येणार नाही."

आप्पा थेट पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. लोक अजून उठले नव्हते. भरल्या पोटी माणूस ऐकून घेतो हे त्यांना चाळीस वर्षांनी शिकवलं होतं.

"मंडळी, चुलबंद खाल्लं ना? मग ज्याचं खाल्लं त्याच्या कार्यात मागं राहायचं नाही, ही आपली रीत. आठवीचं कार्य एक दिवसाचं नाही, एप्रिलपर्यंत आहे. आवतन झालं. दुसरं बोलावणं द्यायला मी रोज येईन."

"रोज?" चुडामण नाना म्हणाले.

"रोज."

सुरुपसिंगनं बोटाला लागलेलं भरीत चाटलं आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "फसाडं ना आप्पा तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या पायांना काम लागलं. रोज सकाळी दहाला पांढरा सदरा, टोपी आणि तेवीस दारं. पोरांना याची अशी गोडी लागली की ती दप्तर अडकवून, पाय हलवत ओट्यावर बसून राहायची आणि हाक आल्याशिवाय उठायची नाहीत. एखाद्या बापानं पोरगं वावरात नेलंच तर गावच त्याला विचारायचं, "काय रे, चुलबंद पचलं का?" वेचणी थांबली नाही, ती शाळा सुटल्यावर आणि रविवारी व्हायला लागली. कधी वीस, कधी एकवीस. गजराबाईंना जास्तीचे तांदूळ निवडावे लागले आणि त्याबद्दल आप्पांना रोज ऐकावं लागलं.

जानेवारीत एका मंगळवारी आप्पांना ताप भरला. सकाळी उठायला गेले तर घर फिरलं. गजराबाई त्यांच्या कपाळाला ओली पट्टी लावून शाळेत गेल्या होत्या. दहा वाजले. गल्लीत ओट्या-ओट्यावर आठवी बसली होती, हाक येत नव्हती, आणि गावाबाहेरच्या पुलावरून एक मोटारसायकल शाळेकडं येताना भूपेंद्रनं पाहिली. घरी येऊन तो सहज बोलून गेला, "तो साहेब उना वाटस."

आप्पा गोधडीतून उठले आणि पुन्हा खाटेवर बसले. टोपी हातातच राहिली. चेतना दाराशी दप्तर घेऊन उभी होती. तिनं आजोबांच्या हातातली टोपी घेतली, डोक्यावर घातली. ती कानापर्यंत खाली आली. आणि ती बाहेर पळाली.

"चला होऽऽ! आठवीनी पंगत बठनी होऽऽ! रोशनीताई, ऊठ! चला होऽऽ!"

आप्पा खाटेवर कान देऊन बसले होते. आवाज गल्लीतून वळला, देवळाकडं गेला, सुकरामच्या घराकडं लांबला. "हेल चांगला काढस," ते भूपेंद्रला म्हणाले, "पन शेवट जरासा वर पायजे." भूपेंद्र दारात उभा राहून गल्ली बघत होता. गल्लीतून सुरुपसिंग जाता जाता म्हणाला, "भूपेंद्र, मन्ही पोरले तुन्ही पोर शाळाम बलावाले येस. आनि तुन्ही पोरले पुढला साल तू घरम ठेवसी?" आणि हसत निघून गेला.

त्या दिवशी साहेबांनी बावीस लिहिले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आठवी जागच्या जागी होती. पहिल्या दिवशी आप्पा पुढच्या गल्लीत हाका देत गेले होते. शाळेची घंटा झाली, तरी चेतना नवं दप्तर अडकवून ओट्यावर पाय हलवत बसलेलीच.

"घंटा व्हयनी ना, जाय!" भूपेंद्र आतून ओरडला.

"दुसरं बोलावणं उनं नई."

"आप्पा पुढे गयात. आप्पा येतस तवलोंग उशीर व्हई."

"मंग मी काय करू?"

शेजारच्या ओट्यावर चुडामण नाना टोपी घालून बसले होते. ते कुणाचीच बाजू घेणार नव्हते, पण कान इकडंच होते. भूपेंद्रनं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. मग तो पायऱ्या उतरला, रस्त्याच्या मधोमध गेला, आपल्याच घराकडं तोंड करून उभा राहिला. घसा खाकरला.

"चला हो," तो म्हणाला. "आठवीनी... पंगत बठनी."

"आयकू नई उनं!" चुडामण नाना म्हणाले.